गळ्यातला एअर प्युरिफायर

झेरॉक्सच्या जुन्या मशीनजवळ ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना एक वास डोळे मिटूनही ओळखता येतो. उग्र, नाकाला झोंबणारा. इंदूरला भंवरकुआँ भागात माझं झेरॉक्सचं दुकान होतं. परीक्षेच्या दिवसांत मशीन तासन्तास चाले आणि हा वास दुकानभर पसरे. मशीन दुरुस्त करणारा सांगायचा, "भैया, ये ओझोन है, खिडकी खोल के रखो."

गेल्या दिवाळीत तोच वास मला आईच्या गळ्याशी आला.

माझा भाचा गुडगावला नोकरी करतो. दिवाळीच्या सुमारास तिकडची हवा कशी असते, हे आपण सगळे बातम्यांत पाहतोच. आजीला दमा आहे, म्हणून त्यानं तिच्यासाठी गळ्यात घालायचा एअर प्युरिफायर आणला. काडेपेटीएवढा, आवाज नाही, फिल्टर बदलायची भानगड नाही. नातवानं आणलेली वस्तू, त्यामुळे आई तो झोपतानाही काढेना. दोन-तीन दिवसांत तिचा खोकला वाढला. त्यात फटाक्यांच्या धुराचाही वाटा होताच, पण तो वास आल्यावर मला गप्प बसवेना.

फिल्टर नाही, मग हवा शुद्ध होते कशी? या यंत्रात सुईसारखी बारीक टोकं असतात. त्यांना हजारो व्होल्टचा दाब देतात. त्यामुळे आजूबाजूच्या हवेतले कण भारित होतात आणि भिंतीला, कपड्यांना, अंगाला चिकटतात. पण त्याच विजेनं ऑक्सिजनचे रेणूही फुटतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजनला जोडला जातो आणि ओझोन तयार होतो. जुन्या झेरॉक्स मशीनमध्येही हेच होत असे.

"पण मामा, ओझोन तर चांगला ना? शाळेत शिकलोय," भाचा म्हणाला. चांगला आहे, पण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर. तिथे तो सूर्याची अतिनील किरणं अडवतो. श्वासातून आत गेला, तर घसा आणि श्वासनलिका चुरचुरते, खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रास लवकर होतो. लिंबा-संत्र्याच्या वासाच्या फरशी पुसायच्या लिक्विडशी त्याचा संयोग झाला, तर फॉर्माल्डिहाइडही तयार होतं.

कॅलिफोर्नियात २०१० पासून घरातल्या एअर प्युरिफायरला ओझोनची मर्यादा आहे: हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग. खोलीतल्या यंत्राचा ओझोन निदान खोलीभर पसरून विरळ होतो. गळ्यातलं यंत्र मात्र नाकापासून वीतभर अंतरावर असतं.

डॉक्टरांनीही ते वापरू नका असंच सांगितलं. आईला समजावणं अवघड गेलं. "पोरानं एवढ्या मायेनं आणलंय," हेच तिचं पालुपद. शेवटी भाच्यानंच तिच्या गळ्यातून ते काढलं. "आजी, माया तशीच आहे, फक्त वस्तू बदलू," म्हणाला. महिन्याभरानं त्यानं तिच्या खोलीसाठी हेपा फिल्टरचं यंत्र पाठवलं. त्यात ना आयन, ना ओझोन. नुसता पंखा आणि जाळी. बाहेर जाताना आई एन-९५ मास्क लावते. इनहेलर तर आहेच.

गळ्यातली सगळीच यंत्रं सारखी नसतात. काहींत खरोखर पंखा आणि फिल्टर असतो. म्हणून आई-बाबा, आजी-आजोबांसाठी असं काही मागवताना डब्यावर 'आयन', 'प्लाझ्मा' असे शब्द आहेत का, ते बघा. असतील, तर ओझोन किती निघतो आणि तो कोणी तपासलाय, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळालं नाही, तर घेऊ नका. वास येत नाही, एवढ्यावर विसंबू नका. नाकाला सवय होते. माझ्या दुकानात दुपारनंतर मलाही तो वास जाणवत नसे. नवं गिऱ्हाईक मात्र दारातच नाक मुरडायचं.