पारदर्शक शरीरे

संस्कृत वाङ्मयात निर्मळ अंतःकरणास स्फटिकाची उपमा देण्याचा प्रघात फार जुना आहे. वेदान्ताच्या ग्रंथांतून जास्वंदीच्या फुलाशेजारी ठेवलेल्या स्फटिकाचा दृष्टान्त वारंवार भेटतो. स्फटिक लाल भासतो, परंतु ती लाली त्याची नव्हे. ज्याच्या आतले सर्व दिसते तो सरळ व जो आतले दिसू देत नाही तो कपटी, असा समज व्यवहारातही त्यामुळे रूढ झाला आहे. प्राणिसृष्टीत मात्र हा धडा नेमका उलटा आहे, हे थोड्यांच्याच ध्यानात येते.

आमचे लाखांदूर भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वैनगंगा व चुलबंद या नद्यांच्या मुलखात आहे. धानाची शेती, आणि तिच्यासाठी पूर्वजांनी बांधलेले तलाव व बोड्या, हे या भागाचे वैभव होय. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका ढिवराच्या मुलाने काचेच्या बाटलीतून एक चपटी मासोळी आणली होती. लांबी दोन बोटे. उजेडासमोर बाटली धरताच पाठीच्या कण्याचे मणके एकेक करून मोजता येत. पोटापाशी तेवढी चांदीच्या वर्खासारखी पिशवी, आणि डोळा काळाभोर. शास्त्रज्ञ या जातीच्या माशांना काचमासा म्हणतात. मुलगा म्हणाला, "गुरुजी, हिचं सारं आंग दिसते, मंग बगळ्याले हे कशी दिसत नाई?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचे उत्तर असे की, अंग आरपार दिसते म्हणूनच मासोळी दिसत नाही. प्रकाशाचे किरण पाण्यातून शरीरात शिरताना फारसे वाकले नाहीत, परतले नाहीत, वा आत शोषले गेले नाहीत, तर पाहणाऱ्यास मागचे पाणीच दिसते. प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काचेची कांडी खाद्यतेलात बुडविली असता जवळजवळ नाहीशी होते, तोच हा न्याय. सारांश, सज्जनाच्या मनाची पारदर्शकता उघडे होण्यासाठी असते, तर मासोळीची लपण्यासाठी.

परंतु हे लपणे कधीच पुरे होत नाही. खाल्लेले अन्न पोटात दिसते, म्हणून तेथे तो चांदीचा पडदा. आणि डोळा तर लपवताच येत नाही. दृष्टिपटलाने प्रकाश अडवून शोषला तरच दृष्टी. ज्या डोळ्यातून प्रकाश आरपार निघून जाईल, तो आंधळाच असणार. तेव्हा ज्याला जग पाहावयाचे आहे, त्याने जगाला थोडेतरी दिसलेच पाहिजे, असा हा नियम आहे.

अशा शरीरांनी मनुष्याच्या ज्ञानात मोठी भर घातली आहे. 1882 साली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभाच्या अंगात काटा टोचला, आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होताना सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. शरीर रोगजंतूंशी कसे झुंजते, याचा एक मार्ग त्यातून उलगडला व 1908 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आपल्या महाराष्ट्रालाही या विषयात अभिमान वाटावा असे एक नाव आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर (1884–1960) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना, 1911 च्या सुमारास, त्यांना सह्याद्रीत सातारा जिल्ह्यातील कृष्णेच्या खोऱ्यात एक चिमुकला पारदर्शक छत्रीसारखा प्राणी आढळला. तो गोड्या पाण्यातला जेलीफिश निघाला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अॅनण्डेल यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर ही प्रजाती केवळ आफ्रिकेतच ठाऊक होती. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि 1946 साली पुण्यात जी संशोधनसंस्था उभी राहिली, तिला 1992 पासून त्यांचेच नाव आहे. कृष्णाकाठी स्नानसंध्या करणाऱ्या किती पिढ्या त्या पाण्यात उतरल्या असतील! पाण्याला नमस्कार करणारे पुष्कळ, पाण्यात निरखून पाहणारा विरळा.

आता एक खेदाची गोष्ट. जास्वंदीने स्फटिकाला रंग दिला, तरी स्फटिकास इजा केली नाही. हौशी लोकांच्या काचपेट्यांत विकण्यासाठी याच काचमाशांच्या अंगात सुईने भडक रंग टोचण्याचा व्यापार मात्र जगात झाला आहे. काही महिन्यांत रंग विटतो, जखमांतून रोग शिरतो, पुष्कळ मासोळ्या मरतात. ज्या जिवाचे आतडेकाळीज डोळ्यांसमोर आहे, त्यालाच सुई टोचावयास मनुष्याचा हात धजतो! तेव्हा आतले दिसले म्हणजे दया उपजतेच, असे म्हणता येत नाही. घरातल्या पालीचेच पाहा. खिडकीच्या काचेवर बसलेल्या गाभण पालीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसतात. केरसुणी उगारलेल्या आमच्या मंडळींनी ती एकदा पाहिली व म्हणाल्या, "अहो, राहू द्या तिला." तीच काच, तेच पोट. हात थांबला तो पाहणाऱ्याच्या मनामुळे.

आपल्या घरांत मासोळी स्वयंपाकघरात येत नाही, हे खरे. परंतु म्हणून ती मुलांच्या अभ्यासाच्या मेजावरही येऊ नये, किंवा ती ओळखणाऱ्या ढिवराच्या मुलाचा प्रश्न आपल्या ओसरीबाहेरच थांबावा, हे काही शास्त्राला धरून नाही. माझ्या मते तर अशा प्रश्नांवाचून आपले पाठांतर कोरडेच राहते. येत्या सुटीत मुलांना तलावाचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उन्हासमोर धरावयास सांगावे. त्यात सुईच्या टोकाएवढे जीव नाचताना दिसतील, आणि डोळे तीक्ष्ण असतील तर त्यांचे काळे ठिपके, म्हणजे त्यांचेही डोळे, आपल्याकडे वळलेले दिसतील. पाहून झाल्यावर ते पाणी जेथून आणले तेथेच ओतून यावे.