गच्चीवरची छत्री

नोव्हेंबरात मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर छत्री उघडून बसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, पाण्याची टाकी गळतेय. कारण साधं आहे. रस्त्यावरच्या हायमास्टचा झोत थेट डोळ्यांत येतो आणि तो अडवायला काळ्या कापडाच्या छत्रीइतकं स्वस्त साधन मला अजून सापडलेलं नाही. दांडा सुतळीने खुर्चीच्या पाठीला बांधायचा, मोबाइल खिशात ठेवायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसायचं. डोळे अंधाराला सरावले की मघाशी मोकळ्या वाटलेल्या जागांतून एकेक तारा वर येऊ लागतो.

कळंबोलीत राहून आकाश बघतो म्हटलं की लोक हसतात. एका अंगाला लोखंड बाजार आणि त्यातले रात्रभर घरघरणारे ट्रेलर, दुसऱ्या अंगाला एक्स्प्रेसवेचं तोंड, उत्तरेला तळोजा एमआयडीसी, आणि आता नैर्ऋत्येला विमानतळ. इथे खरी टंचाई आहे ती अंधाराची. पैशाची टंचाई त्यामानाने सोसवते, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. त्या अनुभवात एक चांगला सणसणीत मूर्खपणाही आहे.

माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर ६७५ पट असं लिहिलं होतं, शेजारी कड्यांसकट शनीचं रंगीत चित्र. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. दीड पगार मोजला. भिंग ६० मिलिमीटरचं. आता कोणीही विचारलं तर सांगतो की भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, एवढीच वर्धनाची कमाल मर्यादा. म्हणजे त्या दुर्बिणीला १२० पट. त्यापुढे फक्त धुकं मोठं होतं. शिवाय तिपाई इतकी लटपटी की गुरू दिसायचा तो उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखा. ती दुर्बीण अजून माळ्यावर आहे. स्वस्त म्हणून घेतलेली वाईट दुर्बीण हा या छंदातला सगळ्यांत महागडा खर्च.

म्हणून नवख्यांना मी पहिलं वर्ष काहीही विकत घेऊ देत नाही. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंशांची. उत्तरेकडे तोंड करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठींच्या जरा खाली ध्रुव सापडतो, कारण कळंबोलीचा अक्षांश १९ आहे आणि ध्रुवाची उंचीही तेवढीच. फेब्रुवारीत रात्री दक्षिणेकडे वळलात तर जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्त्य. लंडनच्या माणसाला अगस्त्य जन्मात घरून दिसत नाही. आपल्याला तो फुकट आहे, तर निदान बघावा तरी.

वर्षभरानंतर बायनॉक्युलर. दहा-बाय-पन्नासचा घ्यावा, म्हणजे दहापट वर्धन आणि ५० मिलिमीटरचं भिंग. अंधारातल्या आपल्या बाहुलीच्या सुमारे पन्नासपट प्रकाश ते गोळा करतं. बऱ्यापैकी मोबाइलच्या निम्म्या किमतीत मिळतो. दुकानातच लांबचा एखादा दिवा दोन्ही डोळ्यांनी बघा. एकाचे दोन दिवे दिसले तर परत द्या, कितीही सवलत असली तरी. कृत्तिका इथून नुसत्या डोळ्यांनी तीन-चार दिसतात. बायनॉक्युलरमधून मोजता मोजता पंचवीस-तीसवर गणती चुकते. मात्र खाडीजवळच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. माझा बायनॉक्युलर पोह्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात असतो, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. आणि सूर्याकडे त्यातून कधीही, क्षणभरही बघायचं नाही.

उजेडाच्या गावात उजेडाला न घाबरणाऱ्या गोष्टी बघाव्यात. चंद्राला हायमास्टची फिकीर नसते, गुरूच्या चार चंद्रांनाही नाही. पण माझा लाडका आहे आल्गॉल, आपल्या ययाती तारकासमूहातला. दिवाळीनंतर रात्री आठच्या सुमारास ईशान्येला शर्मिष्ठेच्या खाली हा समूह वर आलेला असतो. एरवी आल्गॉल वरच्या देवयानीच्या पायातल्या ताऱ्याइतकाच तेजस्वी असतो. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्या आड येतो आणि काही तास त्याचं तेज उतरून तिसऱ्या हिश्शावर येतं. १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिक नावाच्या अठरा वर्षांच्या कर्णबधिर मुलाने हा काळ मोजला आणि ताऱ्यासमोरून काहीतरी काळं जात असावं असा अंदाजही मांडला. हाती दुर्बीण होती म्हणून नव्हे. डोळे, घड्याळ आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना, यांवर त्याचं काम भागलं. हिशेबही गमतीचा आहे. तीन दिवसांनी हे ग्रहण ३ तास ११ मिनिटं आधी येतं. आज पहाटे दोनला झालं तर परवा रात्री १० वाजून ४९ मिनिटांनी, आणि पुढच्या खेपेस ७ वाजून ३८ मिनिटांनी, म्हणजे जेवणाआधी.

पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद. ते मी दुर्बिणीचा आरसा घासण्यात घालवतो. लोखंड बाजारातून आणलेलं एक जुनं पिंप, त्यात वजनाला रेती. वर काचेची एक चकती, तिच्यावर दुसरी, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. मागे-पुढे घासत पिंपाभोवती फिरायचं. वरची चकती आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या, १२०० मिलिमीटर नाभी-अंतराच्या आरशाची मधली खोली जेमतेम १.१७ मिलिमीटर. पूड बदलताना हात, पिंप, फडकं सगळं धुवावं लागतं. एकदा मी फडकं बदललं नाही. जाड पुडीचा एक कण राहिला, आरशावर ओरखडा आला आणि तीन टप्पे मागे जाऊन पुन्हा घासणं नशिबी आलं. शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने चकाकी, आणि पृष्ठभागाची परीक्षा एक दिवा व दाढीचं पातं घेऊन. या पात्याच्या कडेने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूक उघड होते. अॅल्युमिनियमचा मुलामा तेवढा बाहेरून करून घ्यावा लागतो.

दुर्बिणीच्या बैठकीसाठी मात्र मी एका संन्याशाचा ऋणी आहे. जॉन डॉब्सन १९४४ मध्ये रामकृष्ण परंपरेच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदांत सोसायटीत दाखल झाले. खिशात पैसा नाही, म्हणून जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून ते आरसे करत, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची फिरती पेटी वापरत. दुर्बिणींपायी मठाशी बिनसलं आणि १९६७ मध्ये मठ सुटला. मग त्यांनी दुर्बिणी फुटपाथवर मांडून जाणाऱ्या-येणाऱ्यांना चंद्र दाखवायला सुरुवात केली. आज जगभर ‘डॉब्सोनियन’ म्हणून विकली जाते ती हीच बैठक. माझी प्लायवूडची आहे, एका सुताराच्या उरलेल्या तुकड्यांतून केलेली. मोटर नाही, हाताने ढकलायची.

एवढं करूनही आकाशगंगा कळंबोलीतून दिसत नाही, ते मान्य. त्यासाठी प्रवासाचे पैसे बाजूला ठेवावेत. हॅलेच्या धूमकेतूच्या काळात मुंबईत सुरू झालेलं खगोल मंडळ वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं घेत आलं आहे. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा ठिकाणी दुसऱ्यांच्या मोठ्या दुर्बिणींतून बघायला मिळतं. त्याआधी स्वतःची मोठी दुर्बीण घेऊ नये, हे माझं ठाम मत.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची, म्हणजे चंद्र नाही, पण धुराने तीही वाया जाते. भाऊबीज उलटली की चार-सहा दिवसांत हवा धुतल्यासारखी होते. तेव्हा रात्री आठला सोसायटीच्या सचिवांकडून गच्चीची चावी मागून घ्या, ईशान्येकडे तोंड करून खुर्ची मांडा आणि आल्गॉल शोधा. सलग पंधरा रात्री वहीत त्याचं तेज लिहा. छत्री न्यायला विसरू नका.