पोच नसलेला दिवा

न्यू जर्सीला आमच्या मेव्हण्याच्या घरचे दिवे ‘एक्स-टेन’ पद्धतीचे. ही पद्धत १९७५ साली स्कॉटलंडात जन्मली. निरोप घरातल्या विजेच्या तारेतूनच जातो. सोळा अक्षरं गुणिले सोळा आकडे, म्हणजे २५६ पत्ते! आमच्या अख्ख्या चाळीत इतके दिवे नाहीत.

ही जुनी मंडळी मेव्हण्यानं ‘होम असिस्टंट’ नावाच्या सॉफ्टवेअरला जोडली. मधे एक डबी. तिचं एक टोक भिंतीतल्या प्लगात, दुसरं कॉम्प्युटरला. मोबाइलवर बोट टेकलं की जिन्यातला दिवा लागतो. म्हणजे, लागला असं मोबाइल सांगतो. जुने दिवे उलट पोच देतच नाहीत. निरोप सुटला की सॉफ्टवेअर ‘चालू’ लिहून मोकळं. चेक वटण्याआधीच रक्कम जमा! (आमच्या साहेबांना सांगायला हवं.)

त्यात अमेरिकन घरात विजेच्या दोन वेगळ्या तारा. एकीवरचा निरोप दुसरीवर पोचेलच असं नाही. तिथं कपलर बसवावा लागतो. तो बसायचा होता.

रात्री दोनला सासूबाई जिन्यात उभ्या. कठडा घट्ट धरलेला.

“अरे, दिवा लाव ना!”

“लागलाय गं आई!” मेव्हणा मोबाइल बघत वरून ओरडला.

सासूबाई गप्प झाल्या. मग हळूच मला म्हणाल्या, “जावईबापू, मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट गेलं हो.”