अब्बांचं पिंजण

अब्बांची जन्मतारीख कागदावर 1 जून 1932 आहे. मी शिक्षिका असल्यामुळे मला या 1 जूनचं गुपित ठाऊक आहे. तारीख ठाऊक नसली की मास्तर हीच लिहायचे. म्हणजे 2022 च्या जानेवारीत अब्बा गेले तेव्हा नव्वदीला टेकले होते, की नव्वदी ओलांडली होती, ते अल्लालाच ठाऊक.

आमचं गाव शिंदखेडा. जिजाऊंचं सिंदखेडराजा नव्हे. हे सांगावंच लागतं. आमचं धुळे जिल्ह्यातलं, बुराई नदीकाठचं, सुरत-भुसावळ रेल्वेवरचं. अब्बा जन्मले तेव्हा जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत, आणि शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी तेच नाव होतं. शाळा दुसरीपर्यंत. मग आजोबांनी खांद्यावर पिंजण दिलं.

आम्ही पिंजारी. आजच्या मुलांना पिंजण दाखवावं लागेल. माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली तात. लाकडी ठोकळ्याने तातेवर ठोका मारला की ती थरथरते आणि गाठी झालेला कापूस सुटून फुलतो. दसऱ्यानंतर अब्बा पहाटेच निघायचे. विरदेल, बेटावद, चिमठाणे, दोंडाईचा. गल्लीत शिरले की बाया हाका द्यायच्या, "पिंजारी उना वं माय!" घरात आम्ही उर्दू बोलायचो, पण अब्बांची अहिराणी अशी की परका माणूस चकित व्हायचा. पावसाळ्यात हे काम बंद. मग हमाली. 1972 च्या दुष्काळात कोण गाद्या भरणार? तेव्हा त्यांनी खडी फोडली आणि मिलोच्या भाकरी खाल्ल्या.

त्यांची आवडती गोष्ट चिमठाण्याची. 14 एप्रिल 1944 रोजी साताऱ्याकडच्या भूमिगत क्रांतिकारकांनी तिथे धुळ्याहून नंदुरबारला चाललेला सरकारी खजिना लुटला. अब्बा तेव्हा बारा वर्षांचे. पुढे झडतीत पोलिसांनी आजोबांची कापसाची पोती भोसकून पाहिली, असं ते सांगायचे. दर खेपेला पोत्यांची संख्या वाढायची. अम्मा म्हणायची, "पिछली बार तो दो थे!"

मी शेंडेफळ. मुलीला बी.एड. कशाला, असं नातेवाईक म्हणाले. अब्बांनी वाद घातला नाही, फी भरली. नोटांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. 2011 मध्ये मला उर्दू शाळेत नोकरी लागली, आणि पहिल्याच पगारानंतर मी म्हटलं, "अब्बा, आता पिंजण बस्स. वय झालं तुमचं."

वय झालं होतं हे खरंच. गावात यंत्रंही आली होती. पण माझं कारण वय नव्हतं. दाढीत, भुवयांत कापूस अडकलेले अब्बा शाळेवरून जाताना कुणी पाहू नयेत, हे माझं कारण होतं. अब्बांनी काही विचारलं नाही. पिंजण भिंतीवरच्या खुंटीला टांगलं आणि मशिदीच्या ओट्यावर बसू लागले. दोन महिन्यांत त्यांची चाल मंदावली.

एकदा माझ्या शाळेतल्या एक बाई घरी आल्या. चहा घेता घेता त्यांनी अब्बांना विचारलं, "आप क्या करते थे?" अब्बांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "थोडी खेती थी."

आमच्याकडे गुंठाभर जमीनही कधी नव्हती. मी गप्प राहिले, बशीतली बिस्किटं पुढे केली. त्या रात्री जेवताना अब्बा नेहमीसारखेच बोलत होते, मलाच घास गिळवेना. पुढे दहा वर्षं ते जगले. त्या दहा वर्षांत मी हा विषय काढू शकले असते. काढला नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी विरदेलहून एक म्हातारी आली. नातवाच्या मोटारसायकलवर, थंडीत कुडकुडत. माझा हात धरून म्हणाली, "तुना बापना हातनी गादी शे मनी, तीस वरीसनी." शेजारी त्याच बाई बसल्या होत्या. त्यांना अहिराणी येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पिंजारी होते अब्बा," मी म्हटलं. "शेती नव्हती आमची."

बाई काही बोलल्या नाहीत. म्हातारीने मात्र आश्चर्याने विचारलं, शेती होती असं म्हटलं कोणी?

पिंजण अजून त्याच खुंटीला आहे. तात उंदरांनी कधीच कुरतडून टाकली.