नाव बदलले, मजकूर राहिला

डेटाबेसमधील तक्ते आणि फंक्शने ज्या नामांकित कप्प्यात ठेवली जातात त्याला स्कीमा म्हणतात, आणि त्याचे प्रयोजन नवी मुंबईकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सेक्टर 10 वाशीतही आहे आणि नेरुळमध्येही, त्यामुळे नोडचे नाव जोडल्याखेरीज पत्ता पुरा होत नाही, तद्वतच एकाच नावाची दोन फंक्शने दोन स्कीमांत सुखाने नांदू शकतात.

औरंगाबाद जिल्ह्याचे 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाल्यावर, जिल्हावार स्कीमा असलेल्या एका पोस्टग्रेस प्रणालीत तसाच बदल करण्याचे काम महापे येथील एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाकडे आले. ‘ऑल्टर स्कीमा’ ही आज्ञा क्षणात पार पडली आणि व्ह्यू, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरी, बिनतक्रार चालत राहिल्या, कारण व्ह्यू साठवताना पोस्टग्रेस तक्त्याच्या नावाऐवजी त्याचा अंतर्गत क्रमांक टिपून ठेवते. पीएल/पीजीएसक्यूएल भाषेतील फंक्शनचा गाभा मात्र निव्वळ मजकूर म्हणून पडून असतो. त्यातले जुने नाव तसेच राहते, आणि ते वाक्य प्रत्यक्ष चालेपर्यंत चूक उघडकीस येत नाही. साहजिकच महिनाअखेरीच्या हिशेबात, एका फंक्शनने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला कॉल केल्यावर, त्या तिसऱ्याने ‘असा स्कीमाच नाही’ म्हणून हात टेकले.

हा दोष निदान बोलका होता. काही फंक्शनांना स्वतःचा ‘सर्च पाथ’, म्हणजे कोणत्या स्कीमांत कोणत्या क्रमाने धुंडाळायचे याची यादी, जोडलेला होता. ती यादीही मजकूरच असते आणि तिच्यातला अस्तित्वात नसलेला स्कीमा पोस्टग्रेस मुकाट्याने वगळते, त्यामुळे शोध पुढे सरकून ‘पब्लिक’ स्कीमातील त्याच नावाचे, कधीकाळी चाचणीसाठी लिहिलेले फंक्शन चालले आणि आकडे चुकले तरी तक्रार कुठेच उमटली नाही. आवृत्ती 14 पासून एसक्यूएल भाषेतील फंक्शनाचा गाभा ‘बिगिन अॅटॉमिक’ लिहून व्ह्यूप्रमाणे क्रमांकांनिशी साठवता येतो, परंतु पीएल/पीजीएसक्यूएलला ती सोय नाही.

शेवटी सर्व फंक्शनांच्या व्याख्या बाहेर काढून दुरुस्त करण्यात आल्या आणि नामांतरासह एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा बंधनात, पुन्हा चालवण्यात आल्या. जुन्या नावाच्या जागी सरसकट नवे घालण्याचा मोह तिथे आवरावा लागला, कारण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे आणि काही फंक्शनांत त्याचा उल्लेख होता.