हत्ती, शेपूट आणि ४६ गुण

त्या ४६ गुणांचं करायचं काय, हे काही सुटत नाही. २०२२-२३च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीने २० साखळी सामने खेळले, १४ जिंकले, ४ बरोबरीत सोडले आणि २ गमावले. गोल केले ५४. पहिल्या १८ सामन्यांत या संघाला कोणीही हरवू शकलं नाही, आणि त्यात सलग ११ विजयांची एक माळ होती. ११ फेब्रुवारी २०२३ला फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याला ५-३ असं हरवून त्यांनी साखळीचं शिल्ड घेतलं, तेही दोन सामने शिल्लक असताना. छांगटे, बिपिन, पेरेरा डियाझ, ग्रेग स्ट्युअर्ट, मागे जाहू आणि फॉल, बाकावर प्रशिक्षक डेस बकिंगहॅम. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये इतका धबाबा आक्रमक आणि तरी इतका शिस्तीचा हंगाम क्वचितच बघायला मिळतो. आणि त्या वर्षीचा विजेता कोण म्हणून अधिकृत यादी उघडावी तर नाव सापडतं एटीके मोहन बागानचं.

माझं म्हणणं सरळ आहे. विजेता तोच, जो वर्षभर सगळ्यांशी, घरी आणि परक्या मैदानावर, चिखलात आणि उकाड्यात खेळून वर राहिला. कापसाच्या मुलखात शेवटच्या वेच्याकडे बघून कोणी वर्षाचं पीक मोजत नाही. इथे मात्र शेवटचाच वेचा मोजला गेला, आणि तो कसा मोजला गेला हेही पाहण्यासारखं आहे. साखळीनंतरच्या उपांत्य फेरीत समोर बंगळुरू होतं. साखळीत त्यांचे ३४ गुण, म्हणजे मुंबईपेक्षा १२ कमी, पराभव ८. पहिला सामना ७ मार्चला मुंबईत झाला आणि छेत्रीच्या हेडरवर बंगळुरूने तो १-० जिंकला. १२ मार्चला कांतीरवावर मुंबईने २-१ अशी परतफेड केली. सुरुवातीलाच स्ट्युअर्टची पेनल्टी गुरप्रीतने अडवली होती. ती आत गेली असती तर हा निबंध लिहावाच लागला नसता. दोन्ही मिळून २-२, मग अतिरिक्त वेळ, मग पेनल्टी शूटआउट. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ फटके मारले. १८ फटक्यांपैकी १७ गोल झाले. जो एक झाला नाही तो मेहताब सिंगचा, आणि सामना अतिरिक्त वेळेपर्यंत खेचून आणणारा मुंबईचा दुसरा गोलही त्याच मेहताबचा. अंतिम सामन्यात मग बंगळुरू आणि मोहन बागान भिडले, दोघेही साखळीत ३४ गुणांवर थांबलेले. ४६वाला घरी, ४२ गुणांचा हैदराबादही घरी. तो निकालही पेनल्ट्यांवरच लागला.

अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. मुंबईच्या चाहत्यांना त्या वर्षी हे वाक्य पुष्कळ लागू पडलं असेल. पण ती म्हण जितकी उलटसुलट करावी तितकी ती हातातून निसटते. जिथून हत्तीचं धूड गेलं तिथे शेपूट अडकेल कसं? शेपूट हा तर त्याच्या सगळ्या देहातला सर्वात बारीक भाग. दार अरुंद म्हणून ते अडकलं, हे कारण होऊच शकत नाही. मग एक तर मागून कोणीतरी ते धरून ठेवलं असलं पाहिजे, किंवा आपण पलीकडे पोहोचलो असं समजून हत्तीच थांबला असला पाहिजे. मुंबईच्या बाबतीत दुसरी शक्यता अगदीच टाकाऊ नाही. शिल्ड मिळाल्यावरचे दोन्ही सामने ते हरले, १५ फेब्रुवारीला बंगळुरूशी आणि १९ला ईस्ट बंगालशी. पहिल्या दोन क्रमांकांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश हे बक्षीस होतं. त्या बक्षिसाचा व्यवहारातला अर्थ असा, की १९ फेब्रुवारी ते ७ मार्च मुंबईला एकही खरा सामना नव्हता. बंगळुरू मात्र साखळीतले शेवटचे आठ सामने ओळीने जिंकून आलेलं, आणि ३ मार्चला केरळशी बाद फेरीचा तो गाजलेला सामना खेळलेलं, ज्यात छेत्रीने झटकन घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला आणि चिडलेले केरळचे खेळाडू मैदान सोडून गेले. एका संघाला विश्रांती मिळाली, दुसऱ्याच्या अंगात आग होती. म्हणजे शेपूट धरून ठेवणारा हात नियमावलीचाच होता असं म्हणायला वाव आहे, पण शेपूट त्या हाताच्या आवाक्यात ठेवून उभा राहिलेला हत्तीही होताच. आणखी एक. म्हण कितीही कुत्सितपणे वापरली तरी हत्ती गेला हे ती मान्य करते. लीगच्या हिशेबात मात्र हत्ती गेलेलाच नव्हता. आयोजकांची त्या वर्षीची बक्षिसं बघितली तर शिल्डला साडेतीन कोटी होते आणि चषकाला सहा कोटी. धुडापेक्षा शेपटाचा भाव पावणेदोन पट!

यावर पहिला आक्षेप येणार तो नियमांचा. पद्धत सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती, मग हरल्यावर कुरकुर कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या प्रश्नाला उत्तर देत नाही. नियम पाळून काय घडलं हे मी विचारत नाही. नियमाने जे मोजलं ते श्रेष्ठत्व होतं का, हे विचारतो आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतीय फुटबॉलची स्मरणशक्तीच मुळी बाद पद्धतीच्या स्पर्धांवर पोसलेली आहे. मुंबईत १८९१मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला, कूपरेजवर पिढ्यान्पिढ्या रंगला. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो नेला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या त्या संघाला आजही लोक नावाजतात ते अशा चषकांवरूनच, कुठल्या गुणतक्त्यावरून नव्हे. देशव्यापी व्यावसायिक साखळी आली ती १९९६-९७च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगपासून. मुंबईच्याच महिंद्र युनायटेडने २००५-०६मध्ये ती जिंकली, आणि २०१०मध्ये तो संघच बंद झाला. साखळी जिंकल्याची आठवण किती जणांपाशी उरली आहे? तिसरा आक्षेप आशियाचा. २०२१च्या शिल्डच्या जोरावर मिळालेल्या संधीत मुंबईने एप्रिल २०२२मध्ये इराकच्या हवाई दलाच्या क्लबला २-१ हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमधला तो भारतीय क्लबचा पहिलाच विजय. पण ४६ गुणांच्या हंगामानंतर, मंजेरीतल्या पात्रता सामन्यात जमशेदपूरला ३-१ नमवून पुन्हा तिथे गेल्यावर, बालेवाडी हे घरचं मैदान धरूनही गटातले सहाच्या सहा सामने ते हरले. गटात बलाढ्य अल-हिलाल होतं, हे खरं. तोवर संघही तोच राहिला नव्हता, हेही खरं. तरी वर्चस्व हा शब्द किती मैलांपर्यंत टिकतो, असं कोणी विचारलं तर मला जरा घुटमळावं लागेल.

आणि मैलांचा विषय निघालाच आहे तर, विदर्भातल्या आमच्या घाटंजीहून अंधेरीचं मैदान सहा-सातशे किलोमीटर. विदर्भाचा संघ या लीगमध्ये नाही, तेव्हा इथल्या माणसाने फुटबॉलमध्ये मुंबईला आपलं म्हणायचं आणि क्रिकेटमध्ये त्याच मुंबईविरुद्ध दात-ओठ खायचे, हा रिवाज चालत आला आहे. मार्च २०२४मध्ये वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवलं तेव्हा तो घाव होता. पुढच्या हंगामात नागपूरजवळच्या जामठ्याला उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी नमवलं तेव्हा त्याची भरपाई झाली. २०२४-२५चा तो विदर्भ म्हणजे माझ्या व्याख्येतला अस्सल विजेता होता. अख्ख्या हंगामात एकही पराभव नाही, हर्ष दुबेचे ६९ बळी, म्हणजे एका रणजी मोसमातला विक्रम, यश राठोडच्या धावांचा पाऊस. पण करंडक हातात आला तो कसा? केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा, केरळच्या ३४२. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी करंडक आला. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला. तो आणखी तासभर उभा राहता तर? मग वर्षभर न हरलेल्या, तो सामनाही न हरलेल्या विदर्भाला उपविजेता म्हटलं गेलं असतं. पहिल्या डावाची आघाडी हा नियम पेनल्ट्यांहून फारसा सयुक्तिक नाही. फार तर एवढंच म्हणता येईल, की पेनल्ट्यांचा खेळ पाच-दहा मिनिटांचा असतो आणि पहिला डाव दोन-तीन दिवसांचा. पण नागपुरात त्या दिवशी त्या नियमाबद्दल कोणी ब्र काढल्याचं ऐकिवात नाही. केरळच्या चाहत्याने तेव्हा माझाच युक्तिवाद माझ्यापुढे ठेवला असता तर मी काय म्हटलं असतं? बहुधा हेच, की नियम आधीपासून ठाऊक होते.

फुटबॉलमध्येही ही पंचाईत फार दूर नव्हती. २०२३-२४मध्ये उलटं घडलं. १५ एप्रिल २०२४ला कोलकात्यात मोहन बागानने मुंबईला २-१ हरवून शिल्ड नेलं, ४८ गुणांवर, मुंबईचे ४७. आणि ४ मे रोजी त्याच सॉल्ट लेकवर मुंबईने बागानला ३-१ नमवून चषक उचलला. माझ्या कसोटीने तो हंगाम बागानचा होता, एका गुणाने का होईना. तरी चाहत्यांनी मुंबईलाच विजेते म्हटलं, आणि ते चुकीचं होतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. एका वर्षी गुणतक्ता खरा आणि दुसऱ्या वर्षी चषक खरा, असं होऊ शकत नाही. निदान तर्कात तरी नाही. प्रेमात होत असेल. दोन्ही मान एकाच संघाला मिळाले तर हा पेच पडतच नाही, जसा २०२०-२१मध्ये प्रशिक्षक लोबेराच्या मुंबईबाबत पडला नाही. पण तिथेही शिल्ड ठरलं ते बागानशी ४०-४० गुणांची बरोबरी झाल्यावर, आपसांतल्या सामन्यांच्या आधारे. आणि चषक मिळाला तो बिपिनच्या ९०व्या मिनिटाच्या गोलवर. शेपूट तिथेही किती बारीक होतं!

मग २०२५-२६ आलं आणि माझी मागणी विचित्र रीतीने मान्य झाली. लीगच्या कराराचा घोळ मिटेना, हंगाम महिनोन्‌महिने लांबला, डिसेंबर २०२५मध्ये मुख्य भागधारक सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईच्या क्लबमधून अंग काढून घेतलं, आणि अखेर फेब्रुवारी २०२६पासून जो हंगाम ठरला त्यात १४ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकच गाठ, एकूण ९१ सामने. बाद फेरी नाही. तक्त्यात जो वर तो विजेता. तत्त्वाचा विजय म्हणावा तर तो वेळ आणि पैसा संपल्यामुळे झालेला. त्यातही प्रत्येकाच्या वाट्याला १३ सामने, आणि कोणाशी घरी खेळायचं नि कोणाशी परक्या मैदानावर हे वेळापत्रकाच्या मर्जीवर. मोहन बागानशी अंधेरीत खेळणं आणि सॉल्ट लेकवर खेळणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. परतीचा सामनाच नसेल तर तक्ता तरी नेमकं काय मोजतो? वीस सामन्यांच्या तक्त्यावर मी जेवढा विश्वास टाकला होता तेवढा तेरांच्या तक्त्यावर टाकवत नाही. पण मग विश्वास नेमका कितव्या सामन्यापासून सुरू होतो, सोळाव्या की अठराव्या, हे मला सांगता येत नाही, आणि अठराव्यापर्यंत मुंबई हरली नव्हती म्हणून तोच आकडा माझ्या तोंडी येतो की काय, अशी शंकाही पाठ सोडत नाही.