बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेर होता

माझ्या पद्मिनीच्या गिअरबॉक्सला मुळात काही झालंच नव्हतं. तो खाली उतरवून, उघडून, त्यात दोन नवे दोष घालून पुन्हा चढवल्यावर मला हे समजलं. घरच्या घरी जुनी गाडी दुरुस्त करायची हौस असलेल्यांसाठी या चुका लिहून ठेवतोय.

गाडी मामांची. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. आमच्या माटुंग्याहून दोन स्टेशनं पुढे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मामांचे डोळे अधू झाले, तशी ती आमच्या इमारतीच्या मागच्या आवारात उभी राहिली आणि किल्ली माझ्याकडे आली. तक्रारी दोन होत्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मधेच अडकायचा, तोही नेमका किंग्ज सर्कलच्या गर्दीत. आणि उभ्या गाडीत रिव्हर्स टाकला की करकर दात वाजायचे.

या दोन तक्रारींना मी एकच आजार समजलो आणि निदान करून टाकलं: गिअरबॉक्स गेला. मामा म्हणाले, ‘‘अरे, फियाटवाले टॅक्सी ड्रायव्हर बॉनेट उघडून काय करायचे ते पाहिलंयस ना?’’ पाहिलं होतं. भर रस्त्यात बॉनेट उघडायचं, आत हात घालून रॉड हलवायचे आणि पुढे निघायचं. ‘‘मामा, तो जुगाड झाला. मला कायमचं काम करायचंय,’’ असं मी त्यांना ऐकवलं.

सुरुवात तेल बदलण्यापासून केली. खालचा बोल्ट सोडला, जुनं काळं तेल ताटलीत उतरलं आणि मग लक्षात आलं, की तेल भरायचा वरचा बोल्ट गंजून घट्ट बसलाय. पाना घसरून त्याच्या कडाही गोल झाल्या. तेल नसलेली गाडी आवारात, चालवायची सोय नाही. आधी भरायची वाट मोकळी होते का ते बघायचं आणि मगच जुनं सोडायचं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

बोल्ट अखेर निघाला, तेव्हा मी जीएल-५ दर्जाचं तेल भरलं. जीएल-४ पेक्षा ५ चांगलं, एवढाच विचार. जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या पितळी रिंगा असतात. गिअर बसण्याआधी रिंग घासून गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवते. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं डिफरन्शियलच्या दातांना वाचवतात. पितळाला मात्र ती खाऊ शकतात, शिवाय रिंगेला हवी ती घासणीही कमी होते. आता दुसरा गिअरही कुरकुरू लागला. दोष मी घातला होता आणि त्यालाच मी गिअरबॉक्स गेल्याचा पुरावा मानला.

मग तो उतरवायचं ठरलं. गाडी फक्त जॅकवर उचलून मी खाली शिरलो. मामा खिडकीतून इतक्या मोठ्याने ओरडले, की मी बाहेर आलो. नंतर स्टँड आणले. बाकीच्या चुकांची किंमत पैशांत मोजता येते, हिची आली नसती.

प्रोपेलर शाफ्ट सोडवला, शेजाऱ्याच्या मदतीने गिअरबॉक्स खाली घेतला. फोटो काढले नाहीत, खुणा केल्या नाहीत. शिफ्टरचा रॉड ओढताच त्याला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग उडून गेली. गोळी कुंडीमागे सापडली. स्प्रिंग गेली ती गेलीच. नागदेवी स्ट्रीटवरून मापाला बसेल अशी दुसरी आणली. ती लांबीला बरोबर होती, ताकदीला कमी. परिणाम टिळक पुलाच्या उतारावर दिसला. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. आणि दांडा अजून पूर्वीसारखाच अडकत होता, रिव्हर्स अजून वाजत होता.

मग एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिन चालू ठेवून क्लच दाबला आणि गिअर न टाकता थोडा थांबला. मग रिव्हर्स टाकला, करकर. पुन्हा क्लच दाबून आधी तिसरा, मग लगेच रिव्हर्स टाकला, गुपचूप बसला. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. आतला शाफ्ट फिरत राहायचा, तिसऱ्याचा सिंक्रो त्याला थांबवायचा. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तो वाजायचा. पेडलचा फ्री प्ले जास्त होता, नट फिरवून तो नेमका केला. दांडा अडकायचा तो रॉडच्या टोकांचे बुश झिजल्यामुळे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा एका शिफ्टरवरून दुसऱ्यावर सरकावा लागतो आणि ढिल्या रॉडना तेवढी नेमकी जागा सापडत नव्हती. टॅक्सीवाले हाताने तीच जागा जुळवत होते. मी ज्याला जुगाड म्हणालो, ते निदान होतं.

आता माझा क्रम असा आहे. दांडा अडकला तर आधी रॉड आणि बुश. उभ्या गाडीत रिव्हर्स वाजला तर क्लच. चालत्या गाडीत एकच गिअर वाजला तर त्याचा सिंक्रो. गिअर सुटत असेल तर गिअरबॉक्सचं माउंटिंग, मग गोळी-स्प्रिंग. चालत्या गाडीत पहिला टाकताना वाजला तर काहीच उघडायचं नाही, कारण या गाडीच्या पहिल्याला सिंक्रोच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून बघायची.

स्प्रिंग योग्य मिळाली, तेलही बदललं. दुसऱ्या गिअरची रिंग मात्र पुरती सुधारली नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षांहून जास्त झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि तिच्याबरोबर सुट्या भागांचं रोजचं गिऱ्हाईकही गेलं. कुर्ल्याच्या भंगारात मिळालेल्या रिंगा माझ्या रिंगेपेक्षा जास्त झिजलेल्या निघाल्या. त्यामुळे गाडी थंड असताना दुसरा टाकण्याआधी मी क्लच दोनदा दाबतो. मामा शेजारी बसलेले असले, की तिसऱ्यालाही दाबायला सांगतात. त्याची गरज नाही, पण यावेळी मी वाद घालत नाही.